आंतरराष्ट्रीय संस्था आणि धानपट्ट्यातील गरिबी

गरिबी हा एकेका देशाचा घरगुती प्रश्न नसून साऱ्या जगाने मिळून सोडवायचा प्रश्न आहे, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस संस्थांच्या रूपाने उभी राहू लागली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा आराखडा ठरला. भारताच्या प्रतिनिधी मंडळात चिंतामणराव देशमुख होते. ते मध्य प्रांतात सनदी अधिकारी म्हणून वाढलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागास देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, असा आग्रह भारतीय मंडळाने धरला. तो मान्य झाला नाही. त्या वेळी सर्वांच्या डोळ्यांसमोर युद्धाने उद्ध्वस्त झालेला युरोप होता. आशिया-आफ्रिकेतील खेडी नव्हती.

भारताने जागतिक बँकेचे पहिले कर्ज ऑगस्ट १९४९ मध्ये घेतले, ते रेल्वेसाठी. बाजारभावाच्या व्याजाने कर्ज फेडणे गरीब देशांना पेलणार नाही हे ध्यानात आल्यावर १९६० मध्ये बँकेची आंतरराष्ट्रीय विकास संघटना ही शाखा स्थापन झाली. तिची कर्जे जवळजवळ बिनव्याजी आणि फेडीला अनेक दशकांची मुदत देणारी होती. भारत हा तिचा सर्वांत मोठा कर्जदार ठरला आणि २०१४ पर्यंत तिच्या यादीत राहिला. सुरुवातीच्या वीस-पंचवीस वर्षांत हा पैसा मुख्यतः लोहमार्ग, बंदरे, वीज आणि धरणे यांकडे गेला. उत्पादन वाढले की मिळकत वाढेल आणि मिळकत आपसूक खालपर्यंत पोहोचेल, असा त्यामागचा विश्वास होता.

हा विश्वास कुठे तोकडा पडला हे पाहायचे तर पूर्व विदर्भाचा धानपट्टा पाहावा. सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गावाचे स्थानक आहे. दळणवळणाची उणीव या भागाला कधीच फारशी नव्हती. तरीही २००६ मध्ये देशातील २५० मागास जिल्ह्यांसाठी विशेष अनुदान निधी मंजूर झाला, तेव्हा गोंदियाचे नाव त्या यादीत होते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला राष्ट्रीय रोजगार हमी योजनेचा पहिला टप्पा लागू झाला, त्यातही महाराष्ट्राच्या १२ जिल्ह्यांत गोंदिया होता.

या जिल्ह्याची गरिबी ठरावीक साच्यात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या; राज्याची सरासरी ९२९ होती. साक्षरताही राज्याच्या सरासरीहून वर, ८५ टक्क्यांच्या आसपास होती. मुलींना शाळेत पाठवणारा, स्त्रियांची संख्या टिकवून धरणारा हा समाज आहे. अडचण आहे ती रोख पैशाची आणि हंगामाची. बहुतेकांची जमीन थोडी, पीक मुख्यतः एकच, आणि तेही पावसावर नाहीतर तलावाच्या पाण्यावर. जून-जुलैत पऱ्हे टाकायला, चिखलणीला आणि रोवणीच्या मजुरीला पैसा लागतो. धान घरात येते दिवाळीच्या सुमारास आणि विकून हाती पैसा पडायला आणखी काही आठवडे जातात. मधल्या चार-पाच महिन्यांत घरात कुणी आजारी पडले की कर्ज काढावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपाने आणि मोहफुले थोडी मिळकत देतात. ज्यांना तेवढ्यावर भागत नाही ते नागपूरला किंवा मिरची तोडणीला तेलंगणात जातात.

आंतरराष्ट्रीय संस्थांची नजर अशा घरांकडे वळली ती १९७० च्या दशकात. जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नामारा यांनी सप्टेंबर १९७३ मध्ये नैरोबीच्या भाषणात मान्य केले की विकसनशील देशांतील तळाच्या सुमारे ४० टक्के लोकांपर्यंत विकासाचा लाभ पोहोचलेला नाही, आणि लहान शेतकरी हा बँकेच्या कामाचा केंद्रबिंदू असला पाहिजे. पुढच्याच वर्षी रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली. तिच्या निर्णयानुसार १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे 'इफाड', ही संयुक्त राष्ट्रांची स्वतंत्र संस्था रोममध्ये सुरू झाली. फक्त ग्रामीण गरिबांसाठी कर्ज देणारी ही पहिली जागतिक वित्तसंस्था. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. तिने भारतात सर्वांत आधी हाती घेतलेल्या प्रकल्पांपैकी एक महाराष्ट्रातला होता: १९७९ चा भीमा लाभक्षेत्र विकास प्रकल्प. अर्थात, गरिबांसाठी स्थापन झालेल्या संस्थेचा पहिला पैसाही पुन्हा कालव्यांकडेच गेला.

गरीब कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याच्या कामात मराठी अर्थतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला लागणारे उष्मांक मिळवायला किती खर्च येतो, यावरून त्यांनी गरिबीची रेषा काढली. जागतिक बँकेने स्वतःची आंतरराष्ट्रीय रेषा १९९० मध्ये, जवळजवळ दोन दशकांनंतर आखली: माणशी दिवसाला १ डॉलर. किमती बदलत गेल्या तशी ही रेषा २००८ मध्ये १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. हे डॉलर विनिमय दराने मोजलेले नसतात. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढे सामान येते तेवढे भारतात किती रुपयांत येते, असा हिशेब असतो. त्यामुळे २०२१ च्या किमतींनी ही रक्कम आपल्याकडे साधारण ६० रुपये भरते. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी ठरलेली रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती. तिच्या खाली राज्यातील सुमारे २४ टक्के ग्रामीण लोक होते.

३ डॉलरच्या रेषेने मोजले तर २०११-१२ मध्ये भारतातील सुमारे २७ टक्के लोक अतिगरीब होते, आणि २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांहून थोडे अधिक. उतार मोठा आहे आणि खरा आहे. पण रेषेच्या जेमतेम वर असलेले घर एका आजारपणाने किंवा एका कोरड्या ऑगस्टने पुन्हा खाली येते, हे एकाच दिवसाच्या खर्चावर उभी असलेली रेषा सांगत नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांसह बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आणला. त्यात मिळकत मोजलीच जात नाही. पोषण, शाळा, चुलीचे इंधन, पाणी, शौचालय, वीज, घर अशा गोष्टी मोजल्या जातात. नीती आयोगाने तोच साचा घेऊन भारताचा निर्देशांक तयार केला. त्यानुसार महाराष्ट्रातील बहुआयामी गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. शौचालय आणि गॅस जोडणी घरी आली की असा निर्देशांक भराभर सुधारतो. रोवणीच्या आधी घरात पैसा आहे की नाही, हे मात्र त्यातूनही कळत नाही.

कर्जाच्या पद्धतीत मोठा बदल घडवणारा धक्काही महाराष्ट्राच्या सीमेवरूनच मिळाला. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ आदिवासी गावे त्या धरणाच्या बुडिताखाली येत होती. नर्मदा बचाव आंदोलनाच्या दीर्घ लढ्यानंतर बँकेला स्वतःच्या प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९२ मध्ये पुनर्वसनाबाबत कठोर निष्कर्ष काढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. प्रकल्पबाधित लोक थेट त्या मंडळाकडे तक्रार करू शकतात. गरिबी हटवण्याच्या नावाखाली गरिबांनाच उठवले जाते, हा सातपुड्यातील आदिवासींचा आक्षेप बँकेच्या नियमांत शिरला. जागतिक संस्थांच्या इतिहासात याहून मोठे योगदान महाराष्ट्राने दिलेले नाही.

याच सुमारास दुसरी वाट तयार होत होती. युनिसेफच्या मदतीने १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'ड्वाक्रा' योजनेने ग्रामीण स्त्रियांचे गट करायला सुरुवात केली होती. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून आरंभला. १९९४ ते २००२ या काळात इफाडच्या कर्जातून राज्याच्या १२ जिल्ह्यांत महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प राबवला गेला. गट बांधण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाकडे, म्हणजे माविमकडे, आले. हे महामंडळ आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने फेब्रुवारी १९७५ मध्ये स्थापन झाले होते.

पुढची पायरी म्हणजे 'तेजस्विनी' कार्यक्रम. इफाडने २००५ मध्ये त्याला मान्यता दिली, २००७ पासून प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि ते राज्याच्या सर्व ३३ ग्रामीण जिल्ह्यांत पसरले. गोंदियाही त्यात आला. माविमची सहयोगिनी गावोगाव जाऊन दहा ते वीस बायकांचा गट बांधते. दर आठवड्याला किंवा महिन्याला बैठक, ठरलेली बचत, त्याच पैशातून आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेले हिशेब: गटाची शिस्त या पाच गोष्टींवर उभी असते. एका गावातील गटांची ग्रामसमिती आणि साधारण दीडशे-दोनशे गटांचे मिळून एक लोकसंचालित साधन केंद्र. ही केंद्रे तेजस्विनीची सर्वांत टिकाऊ निर्मिती होती. केंद्राचा कारभार गटांतून निवडून आलेल्या बायका पाहतात, कर्मचारी त्याच नेमतात आणि गटांकडून सेवाशुल्क घेऊन खर्च भागवतात. प्रकल्प २०१८ मध्ये संपल्यानंतरही काम थांबू नये, म्हणून ही रचना मुद्दाम केलेली होती.

या पैशाचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे, कारण बायकांच्या हातातले कर्ज थेट परदेशातून येते असा समज बराच पसरलेला असतो. इफाडचे कर्ज भारत सरकार घेते. केंद्राकडून ते राज्याकडे आणि राज्याकडून माविमकडे येते. ते फेडायची जबाबदारी सरकारची असते, गटातील बाईची नाही. हा निधी बहुतांशी प्रशिक्षण, सहयोगिनींचे मानधन, केंद्रांची उभारणी आणि हिशेबतपासणी यांवर खर्च होतो. गटाला मिळणारे कर्ज स्थानिक बँक शाखा देते, आपल्याच ठेवीदारांच्या पैशातून. तेजस्विनी कार्यक्रम महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत चालला, आणि दोन्हींसाठी मिळून इफाडचे मूळ कर्ज सुमारे ४ कोटी डॉलर होते. एकूण खर्चाचा मोठा भाग बँकांकडून उभा राहायचा होता. राज्याच्या अर्थसंकल्पापुढे ही रक्कम अगदी किरकोळ आहे. रोमहून खऱ्या अर्थाने आली ती काम करण्याची एक रीत, आणि ती रीत दहा वर्षे न सोडण्याची अट. एरवी सरकारी योजना दोन-तीन वर्षांत नाव बदलतात. गट बांधायला मात्र तेवढाच वेळ लागतो.

जागतिक बँकेची वाट याला समांतर गेली. १९९९ मध्ये ड्वाक्रासह अनेक योजना एकत्र करून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली होती. तिच्यात गटांपेक्षा अनुदानाला महत्त्व आले आणि अनुदान उचलले की गट विखुरले, असा अनुभव सर्वत्र येऊ लागला. जून २०११ मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाले. पुढच्या महिन्यात जागतिक बँकेने त्याला १ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रात हे अभियान 'उमेद' या नावाने ओळखले जाते. गट, गावाचा ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ अशी त्याची बांधणी आहे. गटाला आधी फिरता निधी मिळतो, मग सूक्ष्म पतआराखडा करून ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी मिळतो, आणि त्यानंतर बँकेचे कर्ज. अनुभवी गटांतील बायका 'वर्धिनी' म्हणून नव्या गावांत जाऊन राहतात आणि तिथल्या बायकांना गट चालवायला शिकवतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या, स्वतः कर्जातून सुटलेल्या बाईचे बोलणे गावात लवकर पटते.

या कामाची मोजणीही झाली आहे. महाराष्ट्रासह ९ राज्यांत २०१९-२० मध्ये झालेल्या मूल्यमापनात असे दिसले की अभियानात सुमारे अडीच वर्षे अधिक राहिलेल्या घरांची मिळकत १९ टक्क्यांनी आणि बचत २८ टक्क्यांनी जास्त होती, आणि सावकारी वा तत्सम कर्जाचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी होते. गरिबीविरोधी कार्यक्रमासाठी हे आकडे चांगले आहेत. गटाने सर्वांत मोठा फरक केला तो अडचणीच्या काळातील पहिल्या हजार-दोन हजार रुपयांत, आणि धानपट्ट्यात तोच पैसा निर्णायक असतो.

तरी गट सारे काही करू शकत नाही. बँकेच्या कर्जाचा हप्ता दरमहा येतो आणि धानाचा पैसा वर्षातून एकदा. दुधाचा, किराण्याचा किंवा शिवणकामाचा धंदा असेल तर हप्ता निघतो. कर्ज शेतीत गेले तर तो मजुरीतून भरावा लागतो. या फटीत खासगी सूक्ष्म वित्त कंपन्या शिरल्या. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने भारतातील अशा काही कंपन्यांत भांडवलही घातले आहे. या कंपन्यांचे कर्ज लवकर मिळते, पण व्याज जड आणि वसुली कडक असते. एकाच बाईवर तीन-चार कर्जे झाली की तिची ओढाताण सुरू होते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात या कंपन्यांची वसुली ठप्प झाली आणि कर्जाविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा हे ओझे किती वाढले होते ते उघड झाले.

पाण्याचा प्रश्न तर गटाच्या आवाक्याबाहेरचाच. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने आणि गावच्या मालगुजारांनी शेकडो वर्षांत हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी १९५०-५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळ (बांध), तुडुंब (पाणी सोडण्याचे दार), नहर यांची वर्षाची डागडुजी ही गावाची रीत हळूहळू मोडली. गाळ साचत गेला. तलावात पाणी टिकले तर धानाची हमी मिळते, मासेमार ढिवर कुटुंबांना मासळी मिळते आणि उन्हाळी पिकाची शक्यता राहते. जागतिक संस्थांचा पैसा दशकानुदशके मोठ्या धरणांकडे गेला; या तयार तलावांच्या जाळ्याकडे त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. चूक केवळ या संस्थांची नव्हती, कारण मागणी राज्याकडून जावी लागते आणि राज्याच्या यादीतही तलाव खालीच राहिले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी तलावांत देशी पाणवनस्पती लावून आणि स्थानिक जातींचे मासे वाढवून जे काम उभे केले आहे, त्याला कुठल्याही मोठ्या कर्जाची गरज लागलेली नाही.

रोजगार हमीबाबत जागतिक बँकेची भूमिकाच पालटली. १९७२ च्या दुष्काळातून घडलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायदा म्हणून लागू झाली आणि पुढे राष्ट्रीय कायद्याचा आधार ठरली. बँकेच्या २००९ च्या जागतिक विकास अहवालात अशा योजनांचा उल्लेख लोकांच्या स्थलांतरातील अडथळा म्हणून आला होता. २०१४ च्या अहवालात राष्ट्रीय रोजगार हमी योजनेचा गौरव ग्रामीण विकासाचे उत्तम उदाहरण म्हणून झाला. तिसऱ्या जगातील एका राज्याने स्वतःच्या दुष्काळातून शोधलेला उपाय पचवायला बँकेला पस्तीसहून अधिक वर्षे लागली. धानपट्ट्यात हमीच्या कामाचा उपयोग मार्च ते जून या कोरड्या महिन्यांत सर्वाधिक असतो. मजुरी वेळेवर मिळाली तर रोवणीचा खर्च त्यातून निघतो आणि परगावी जाणे टळते.

सध्याचा टप्पा बचतीकडून उद्योगाकडे जाण्याचा आहे. इफाडच्या साहाय्याने माविमने हाती घेतलेला 'नवतेजस्विनी' प्रकल्प सुमारे ५२३ कोटी रुपयांचा असून १० लाख कुटुंबांपर्यंत पोहोचणे हे त्याचे लक्ष्य आहे. लोकसंचालित साधन केंद्रांभोवती मूल्यसाखळ्या, म्हणजे एकाच मालाची खरेदी, प्रक्रिया आणि विक्री, उभ्या करण्यावर त्यात भर आहे. जागतिक बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर केलेला २१ कोटी डॉलरचा 'स्मार्ट' प्रकल्प शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटांच्या संघांना हेच करायला मदत देतो. धानपट्ट्यात याची कसोटी कठीण आहे. धानाचा भाव केंद्राची आधारभूत किंमत ठरवते. २०२५-२६ साठी ती साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये होती. खरेदी आदिवासी विकास महामंडळ किंवा पणन महासंघाच्या केंद्रांवर होते. खरेदी लांबली की लहान शेतकरी पडत्या भावाने व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो. बायकांच्या केंद्राला या बाजारात उतरायचे तर गोदाम, भांडवल आणि तीन महिने माल थांबवून धरण्याची ताकद लागते. मोहफूल, लाख, शिंगाडा, मासळी या मालात स्पर्धा थोडी कमी आहे आणि बायकांचे ज्ञान जुने आहे. तिथे या प्रकल्पांना यश मिळण्याची शक्यता अधिक दिसते.

जागतिक उद्दिष्टांची भाषाही आता थेट ग्रामपंचायतीत आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये ठरवलेल्या सहस्रक उद्दिष्टांत अतिगरिबीचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्म्यावर आणायचे होते; जगाने ते मुदतीच्या पाच वर्षे आधी साधले, मुख्यतः चीनमधील बदलांमुळे. सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत पहिलेच उद्दिष्ट २०३० पर्यंत गरिबी पूर्ण संपवण्याचे आहे. भारताच्या पंचायतराज मंत्रालयाने ही १७ उद्दिष्टे गावासाठी ९ संकल्पनांत बसवली, आणि त्यांतील पहिली 'गरिबीमुक्त व उपजीविका वृद्धीस पोषक गाव' अशी आहे. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात या संकल्पनांनुसार कामे लिहावी लागतात. ग्रामसंघाने घरोघरच्या मागण्या गोळा करून स्वतःचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि तो पंचायतीच्या आराखड्यात घ्यायचा, अशी तरतूद आहे. त्यामुळे तलावाचा गाळ, हमीच्या कामांची यादी, धान खरेदीचे केंद्र, आजारपणासाठीचा आपत्कालीन निधी या गोष्टी बायकांच्या गटाला पहिल्यांदाच अधिकाराने मांडता येतात. इफाड आणि जागतिक बँकेच्या कर्जांतून वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या संघटना या ग्रामसभेत किती बोलतात आणि त्यांचे किती ऐकले जाते, यावर सडक अर्जुनीसारख्या तालुक्यांत २०३० च्या उद्दिष्टाचे काय होते ते ठरेल.